जंगली जनावरांचे जंत आणि आपली औषधाची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेलेल्या काळविटाचं नाहीतर रानडुकराचं पोट उघडलेलं आणि आत जंतांचा गुंता, असा एखादा फोटो किंवा व्हिडिओ अधूनमधून सगळ्यांच्याच मोबाईलवर येऊन पडतो आणि मग लोकांचे दोनच सूर लागतात. पहिला सूर, अरेरे बिचारं जनावर, जंतांनी खाल्लं त्याला, माणसाला गोळ्या देतात, गुरांना डोस देतात, मग ह्यांनाच का नाही, पाणवठ्यात औषध टाका, मिठाच्या चाटणात मिसळा, काहीतरी करा. दुसरा सूर, हे जंगली प्राणी म्हणजे रोगांचं गोदाम, गुरांना जंत होतात ते ह्यांच्यामुळेच. मी पशुवैद्यक आहे, नोकरीतला बराचसा काळ लॅबमध्ये लेंड्या आणि शेण तपासण्यात गेला (घरी ह्याचं कौतुक कधी झालं नाही ते सोडा), त्यामुळे हे दोन्ही सूर ऐकले की गप्प बसवत नाही. पत्र लांबलंय. काटछाट करायची तर खुशाल करा पण औषधाबद्दलचा भाग तेवढा ठेवा, कारण मला मुख्य तेच सांगायचंय, की मोकळ्या रानातल्या जनावरांना जंताचं औषध घालत सुटू नका, जंत वाढले असतील तर आधी त्यांची जागा बघा.

मुळात जंत नसलेलं जंगली कुरंग (म्हणजे इंग्रजीत अँटेलोप) शोधायला गेलात तर मिळणं अवघड आहे. काळवीट, चिंकारा, नीलगाय, आफ्रिकेतला इम्पाला, कुडू, गझेल ही सगळी मंडळी जन्मल्यानंतर काही आठवड्यांतच, म्हणजे गवताला तोंड लावलं की, जंत घेऊन फिरायला लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर नॅशनल पार्कमधल्या इम्पालांवर ह्या विषयात भरपूर काम झालंय, आणि तिथे एकाच धडधाकट इम्पालाच्या पोटात आणि आतड्यात हिमॉन्कस, लाँगिस्ट्राँगायलस, ट्रायकोस्ट्राँगायलस, कूपेरिऑइडिस, इम्पालाया असे पाच-सहा प्रकारचे जंत एकत्र नांदताना मिळतात, संख्या हजारांत. कूपेरिऑइडिसची एक जात तर यकृताच्या पित्तनळ्यांत राहते. आणि जनावर मात्र चकचकीत, चरतंय, पळतंय, पिल्लं देतंय. ह्यातल्या बऱ्याच जाती त्या त्या प्राण्याच्याच म्हणून ठरलेल्या आहेत, फार जुना शेजार आहे हा. यजमान मेला की जंतही मेला, त्यामुळे जुन्या शेजाऱ्याला यजमान मारून फायदा नसतो. म्हणजे ते निरुपद्रवी आहेत असं नाही हं, तेही आता सांगतो.

पोस्टमॉर्टेमला नेमकं काय दिसतं ते बघा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे, त्यातला चौथा म्हणजे आम्लाचं खरं पोट. तो कात्रीने लांबीत कापायचा आणि आतला चारा पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, मग घड्यांवर बारीक लालसर दोरे दिसायला लागतात, दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे, जनावर नुकतंच मेलेलं असेल तर अजून हलत असतात. त्यातली एक मादी चिमट्याने उचलून काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवली की तिच्या अंगात लाल आणि पांढरा असे दोन पीळ एकमेकांभोवती गेलेले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लाल ते रक्ताने भरलेलं आतडं, पांढरा तो तिचा अंडाशय. हा हिमॉन्कस. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो, ऐकायला काहीच वाटत नाही, पण पाच हजार जंत असले की दिवसाला २५० मिली झालं आणि मध्यम मेंढीएवढ्या जनावराच्या अंगात एकूण रक्तच तीनेक लिटर असतं. मग पापणीची आतली बाजू गुलाबीची पांढरीफटक होते, जबड्याखाली पाणी उतरतं, जनावर मागे पडायला लागतं आणि मागे पडलेलं जनावर रानात किती दिवस टिकणार. तर मारायची ताकद ह्या जंतात नक्की आहे. प्रश्न एवढाच की ती ताकद कधी वापरात येते, आणि त्याचं उत्तर जनावराच्या पोटात कमी आणि बाहेरच्या गवतात जास्त आहे.

एक हिमॉन्कस मादी रोज पाच ते दहा हजार अंडी टाकते, ती लेंड्यांतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत फुटतात, आतली अळी लेंडीतल्या बॅक्टेरियांवर वाढते, एकदा कात टाकते, दुसऱ्यांदा मात्र जुनी कात टाकून न देता अंगावर तशीच ठेवते. हवामान चांगलं असेल तर आठवड्याभरात ही तिसऱ्या अवस्थेतली अळी तयार आणि लागण करते ती हीच. अंगावरच्या कातीमुळे कोरडेपणापासून थोडा बचाव होतो पण तोंडही बंद झालेलं असतं, खाता काही येत नाही, सोबतच्या शिदोरीवर काय ते दिवस काढायचे. दव पडलं की ओल्या पात्यावरून ती थोडीशी वर चढते, बहुतेक अळ्या जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरच्या आतच असतात. आणि मग वाट बघत बसते. कडक उन्हाळ्यात शिदोरी भराभर संपते आणि अळी मरते, गार दमट हवेत तीच अळी महिनोन्महिने टिकते. समजा कळप तिथून उठून गेला आणि बराच काळ फिरकला नाही, तर त्या गवतातल्या अळ्या आपोआप उपाशी मरतात. रानातलं डिवर्मिंग म्हणाल तर ते हेच, फुकटात आणि कुणाला कळतही नाही.

जनावरंही अगदी अडाणी नसतात. केनियात डिक-डिक नावाच्या छोट्याशा कुरंगाचा ह्याच अंगाने अभ्यास झालाय, हे प्राणी ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग करतात आणि त्या ढिगांच्या जवळचं गवत खायचं टाळतात. झाडपाला खाणारे कुडूसारखे प्राणी तर उंचावरचं खातात, तिथे अळी पोचतच नाही, म्हणून गवत जमिनीसरपट खरडून खाणाऱ्यांच्या मानाने त्यांच्यात असे जंत कमी. आणि जंतही काही कमी हुशार नाहीत, कोरडा किंवा थंड हंगाम आला की पोटाच्या अस्तरात शिरलेली अळी वाढ थांबवून तशीच पडून राहते आणि बाहेर परत ओल यायच्या सुमाराला जागी होऊन अंडी टाकायला लागते. एवढ्याशा अळीला बाहेरच्या हवामानाचा असा हिशेब कसा ठेवता येतो हे बघून मला अजूनही गंमत वाटते.

आता ह्या सगळ्या व्यवस्थेत आपण काय केलं, तर कुंपणं घातली. रस्ते, तारा, वस्त्या, कालवे. कळपाला पूर्वी जे फिरायला मिळायचं ते बंद झालं, त्याच त्या तुकड्यावर बारा महिने चरायचं, आणि वर आपण दयेपोटी कृत्रिम पाणवठे करून देतो, त्याच्या आसपासची जमीन कायम ओली, गवत कायम आखूड, लेंड्यांचा सडा कायम. अळीला अजून काय पाहिजे. शिवाय आखूड गवत म्हणजे जनावराचं तोंड जमिनीलगत, जिथे अळ्या आहेत बरोब्बर तिथेच. दुष्काळात चारा कमी असताना तर दोन्हीकडून मार बसतो, कारण भरपूर प्रोटीन मिळणारं जनावर जंतांना बऱ्यापैकी आवरून धरतं, उपाशी जनावराला ते जमत नाही. म्हणून एखाद्या ठिकाणी कुरंग हडकुळे दिसले आणि पोटात जंत निघाले तर जंतांनी हडकुळं केलं की हडकुळं झालं म्हणून जंत वाढले हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि बहुतेक वेळा कुणी विचारत नाही कारण जंत डोळ्याला दिसतो आणि भूक मेल्यावर दिसत नाही.

दुसरं म्हणजे जंत काही सगळ्यांना सारखे वाटलेले नसतात. परजीवींचा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाजे हिशेब असा की कळपातल्या वीसेक टक्के जनावरांकडे ऐंशीएक टक्के जंत असतात, बाकीच्यांकडे किरकोळ. जास्त जंत कुणाकडे? लहान पिल्लं, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते. व्यायला आलेल्या आणि दूध पाजणाऱ्या माद्या. आणि नर, त्यातही हद्द धरून बसलेले नर. केनियातल्या ग्रँट्स गझेलमध्ये हे छान दिसून आलंय, हद्दीचे मालक असलेल्या नरांमध्ये जंत जास्त. एकाच जागी ठाण मांडायचं, तिथेच चरायचं, तिथेच लेंड्या टाकायच्या, दिवसभर इतरांना हुसकावण्यात दम घालवायचा, मग दुसरं काय होणार. तर तुम्ही व्हिडिओत बघता ते मेलेलं एक जनावर बहुतेक त्या वीस टक्क्यांतलं असतं, त्यावरून सगळ्या कळपाचा निकाल लावू नये.

रानडुकरांची गोष्ट वेगळी आहे आणि खरं सांगायचं तर मला जास्त रंगतदार वाटते. डुक्कर गवत खातं, मुळं उकरतं, किडे खातं, गांडुळं खातं, मेलेलं जनावर मिळालं तर तेही सोडत नाही, आणि प्रत्येक खाण्यासोबत वेगळा जंत आत येतो. रानडुकराची फुप्फुसं कापली तर मागच्या कडेच्या श्वासनळ्यांत पांढरे धाग्यासारखे जंत फेसासकट सापडतात, मेटास्ट्राँगायलस. ह्यांची अंडी खोकल्याबरोबर घशात येतात, गिळली जातात, विष्ठेतून जमिनीत, तिथे गांडूळ ती खातं, गांडुळाच्या अंगात अळी तयार होते आणि डुकराने गांडूळ खाल्लं की परत फुप्फुसात. गांडुळाशिवाय हे चक्र चालतच नाही, म्हणून सिमेंटच्या फरशीवर वाढलेल्या पाळीव डुकरात हा जंत जवळजवळ दिसत नाही आणि रानडुकरात सर्रास दिसतो. दुसरा एक मॅक्राकँथोऱ्हिंकस, ह्याची मादी ३० सेंटीमीटरच्या वर जाते, तोंडाच्या जागी आकड्यांची सोंड, ती आतड्याच्या भिंतीत रुतवून बसतो, बाहेरून बघितलं तरी आतड्यावर गाठी दिसतात. हा येतो भुंग्यांच्या अळ्या खाल्ल्यामुळे. तिसरा डुकराचा मोठा गोल जंत, अ‍ॅस्कॅरिस, त्याच्या अंड्याचं कवच इतकं चिवट की मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. अंड्यातली अळी आतड्यातून यकृतात, तिथून फुप्फुसात, तिथून घशात आणि परत आतड्यात असा पूर्ण प्रवास करते, यकृतावर तिच्या वाटेचे पांढरट डाग राहतात. आफ्रिकेतल्या वॉर्टहॉग नावाच्या रानडुकराच्या मोठ्या आतड्यात तर प्रॉब्स्टमायरिया म्हणून एक बारीकसा जंत असतो, हा बाहेर जायच्या भानगडीतच पडत नाही, आतल्या आत पिल्लं घालतो, त्यामुळे एका वॉर्टहॉगमध्ये त्याची संख्या लाखांत जाते. लाखांत! आणि वॉर्टहॉगला त्याचा काही त्रास होतो असं दिसत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा हे समीकरण इथेच मोडतं.

आकड्यांवरून आठवलं, लेंडी तपासून अंडी मोजायची आमची पद्धत, तिच्याबद्दलही गैरसमज आहेत. चार ग्रॅम लेंड्या ५६ मिली मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करायच्या, गाळायच्या, मॅकमास्टर नावाच्या आखलेल्या काचपट्टीच्या दोन्ही खणांत भरायच्या, अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, ती मोजायची आणि ५० ने गुणायचं, हा झाला एका ग्रॅममधल्या अंड्यांचा आकडा. सोपं आहे, स्वस्त आहे. पण झोपून राहिलेली अळी अंडी टाकत नाही, तो प्रॉब्स्टमायरिया अंडी टाकत नाही, काही जंत टाकतात पण अगदी थोडी, आणि हिमॉन्कसचं अंडं आणि त्याच्या चुलतभावाचं अंडं मायक्रोस्कोपखाली जवळपास सारखंच, ओळखायचं तर लेंड्या उबेत ठेवून अळ्या वाढवून बघाव्या लागतात. तेव्हा एका दिवशी एका लेंडीवरून 'जंगलात जंतांचा कहर' असं कुणी लिहून दिलं तर कृपया छापू नका.

आता औषध. पाणवठ्यात किंवा मिठात औषध टाकायची कल्पना चांगल्या मनाने येते हे मला मान्य आहे, पण कोण किती पितं ह्यावर ताबा कसा ठेवणार? ज्या दुबळ्या मादीला गरज तिला दांडगे नर जवळ येऊ देत नाहीत, मग दांडग्याला जास्त डोस, दुबळीला थेंबभर. अर्धवट डोस म्हणजे काय तर जंतांतले नाजूक मेले आणि चिवट राहिले, पुढची सगळी प्रजा चिवटांची. मेंढ्यांमध्ये आपण हे बघून बसलोय. थायाबेंडाझोल हे जंताचं औषध १९६१ मध्ये बाजारात आलं आणि १९६४ मध्ये हिमॉन्कस त्याला दाद देत नाही अशी नोंद झाली, तीन वर्षांत! आयव्हरमेक्टिन आलं १९८१ मध्ये, ते शोधणाऱ्या कॅम्पबेल आणि ओमुरांना २०१५ चं नोबेल मिळालं, योग्यच मिळालं, पण मेंढ्यांतल्या हिमॉन्कसने १९८० चं दशक संपायच्या आत त्यालाही पचवलं होतं. अशा वेळी मोकळ्या रानातले, कधीच औषध न बघितलेले जंत हा एक प्रकारे आपला ठेवा आहे, कारण औषधाने मरू शकणारे जंत शिल्लक राहिले तरच औषध पुढे चालतं, ते रानातही औषध ओतून संपवायचे म्हणजे हाताने धोंडा पायावर. वर आयव्हरमेक्टिनचा बराच भाग विष्ठेतून तसाच बाहेर पडतो आणि शेणात वाढणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या त्याने मरतात. हे शेणभुंगे शेण फोडून, पसरून, वाळवून जंतांची अंडी-अळ्या आपोआप कमी करत असतात. त्यांना मारून जंत कमी करायचे, हे गणित मला तरी समजत नाही.

आणि समजा औषध नीट, मापात, प्रत्येक जनावराला पकडून दिलं तर? हाही प्रयोग होऊन गेलाय. क्रुगरमधल्या आफ्रिकन रानम्हशींवर व्हेनेसा एझेन्वा आणि अ‍ॅना जोल्स ह्यांनी तो केला, २०१५ मध्ये सायन्स ह्या संशोधन-मासिकात आला. रानम्हैस काही कुरंग नाही पण त्याच मोठ्या कुळातली, रवंथ करणारी, कळपाने चरणारी. काही म्हशींना जंताचं औषध दिलं, काहींना नाही, आणि त्या कळपांत आधीपासून टीबी होता. जंत गेलेल्या म्हशींना टीबी व्हायची शक्यता काही कमी झाली नाही, पण झाल्यावर त्या जगल्या मात्र खूप, मृत्यूचं प्रमाण नऊ पट कमी. ऐकून वाटतं वा, झालं काम. पण टीबी झालेली म्हैस जास्त दिवस जगते म्हणजे जास्त दिवस कळपात खोकत फिरते, आणि हिशेब केला तर टीबीची पसरायची क्षमता आठ पटींच्या आसपास वाढलेली निघाली. एका म्हशीचं भलं झालं आणि कळपाचं नुकसान. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन आकडे तपासले होते, इतकं ते उलटं वाटतं. आपण आतला एक भाडेकरू काढतो तेव्हा उरलेल्यांचं काय होतं हे आपल्याला आधी माहीत नसतं, आणि मोकळ्या रानात चूक झाली तर परत बोलावून दुरुस्त करायची सोय नाही.

औषध कधीच नको असं मी म्हणत नाही. झूमध्ये, प्राण्यांच्या अनाथालयात, प्रजनन केंद्रात, जिथे थोड्या जागेत जास्त कुरंग कायमचे ठेवलेत तिथे हिमॉन्कस आणि कॅमेलोस्ट्राँगायलससारखे जंत खरोखर जीव घेतात, तिथे तपासून, वजन करून, एकेका जनावराला औषध द्यायलाच पाहिजे, आणि जागा फिरवत ठेवली पाहिजे नाहीतर तिथेही औषध चालेनासं होतं, बंदिस्त जिराफांत आणि कुरंगांत हे आधीच झालंय. तसंच एका जंगलातून दुसऱ्या जंगलात प्राणी नेऊन सोडायचे असतील तर आधी वेगळे ठेवा, तपासा, लागलं तर औषध द्या, औषध लागू पडलं का ते परत तपासा आणि मगच सोडा. नवीन ठिकाणी नवीन जंत नेऊन सोडणं हा ह्या क्षेत्रातला सगळ्यात टाळता येण्यासारखा गुन्हा आहे.

सामूहिक मृत्यू झाले की पहिला संशय जंतांवर घेतला जातो तेही थांबायला हवं. मे २०१५ मध्ये कझाकस्तानात सायगा नावाचे गवताळ रानातले कुरंग तीनेक आठवड्यांत दोन लाखांहून जास्त मेले. पोटात जंत शोधले असते तर मिळालेच असते, कुठल्याही सायगात मिळतात. पण मारणारा होता पाश्चुरेला मल्टोसिडा हा जीवाणू, म्हणजे आपण गुरांत ज्याला घटसर्प म्हणतो तोच रोग, आणि नेहमीपेक्षा उबदार आणि दमट हवेशी त्याचा संबंध लागला. आत जंत सापडला म्हणजे खुनी सापडला असं नसतं.

दुसऱ्या सुराचं काय, की गुरांना जंत ह्यांच्यामुळे होतात? देवाणघेवाण आहे, नाही कसं म्हणू. पण ती दोन्हीकडून आहे, आणि बऱ्याच ठिकाणी गुरं-मेंढ्या संख्येने इतक्या जास्त असतात की कुरणावरच्या बहुतांश अळ्या त्यांच्याच असतात, सायगांच्या बाबतीतही मेंढ्यांचे जंत सायगात आणि सायगांमार्फत दुसरीकडच्या मेंढ्यांत असा फेरा अभ्यासलेला आहे. ब्रिटनमध्ये रानातल्या रो हरणांत औषधाला न जुमानणारा हिमॉन्कस मिळाला, त्या हरणांना औषध कुणी पाजलं होतं? कुणी नाही. तो मेंढ्यांच्या कुरणातून त्यांच्याकडे आला. म्हणजे आपणच तयार केलेला जंत आपण त्यांना दिला आणि आता नाव त्यांचं. पाळीव कळपाचं औषध तपासणीशिवाय, सवयीने, दर हंगामाला सगळ्यांना सरसकट देणं बंद केलं तर रानातल्यांचंही बरंच भलं होईल, कुंपणाच्या आतली काळजी घ्या, बाहेर आपोआप फरक पडतो.

एका बाबतीत मात्र घाबरायलाच हवं, आणि गंमत म्हणजे तिथे लोक घाबरत नाहीत. पोटातले ते वळवळणारे जंत बघून किळस येते, पण धोका असतो तो न दिसणाऱ्यात, स्नायूंत. ट्रायकिनेला. कुरंग मांस खात नाहीत म्हणून त्यांचा ह्याच्याशी सहसा संबंध येत नाही, डुक्कर मेलेलं खातं म्हणून त्याचा येतो. मिलीमीटरभर लांबीची अळी स्नायूत वेटोळं करून कवचात बसते आणि तिथे वर्षानुवर्षं जिवंत राहते, मांस बघून, हुंगून काही कळत नाही. १८३५ मध्ये लंडनला जेम्स पॅजेट नावाच्या मेडिकलच्या पोराने मृतदेहाच्या स्नायूत बारीक ठिपके बघितले तेव्हा ही प्रथम ओळखली गेली, नाव रिचर्ड ओवेनने दिलं. माणसाला लागली की ताप, पापण्या सुजणं, स्नायूंत भयंकर दुखणं, कधी हृदयावर. केनियात बुशपिग ह्या तिथल्या रानडुकराचं मांस खाऊन तरुण आजारी पडल्याची नोंद आहे. युरोपियन युनियनमध्ये विक्रीला येणाऱ्या रानडुकराच्या मांसाची ह्यासाठी तपासणी सक्तीची आहे, स्नायूचा तुकडा पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लात ४५ अंशांच्या आसपास ढवळत विरघळवायचा, स्नायू पचून जातो, अळी पचत नाही, तळाशी बसते, मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला गेलं पाहिजे, धुरी देणं, खारवणं, वाळवणं ह्यावर भरवसा नको, आणि गोठवण्यावरही नको, कारण ट्रायकिनेलाच्या काही जातींना बर्फाचं काही वाटत नाही. आणि काळीज, फुप्फुस, आतडी कच्ची कुत्र्यांना घालू नका, डुकरांच्या आणि कुरंगांच्या अवयवांत पट्टकृमींच्या (टेपवर्मच्या) अळ्यांच्या पाणीदार गाठी असतात, कुत्र्यात त्यांचा पूर्ण जंत होतो आणि त्यातल्या काहींची अंडी कुत्र्याकडून माणसाकडे येतात.

ज्यांना खरंच काही करायची इच्छा आहे, आणि असे लोक खूप आहेत, मेलेलं जनावर दिसलं की पहिला फोन त्यांचाच येतो, त्यांच्यासाठी औषधाच्या बाटलीपेक्षा उपयोगी काम आहे. उघड्या हाताने हात लावू नका, जबाबदार माणसांना कळवा आणि त्यांच्याकडून पोस्टमॉर्टेम होत असेल तर जंत फेकून देऊ नका म्हणून आग्रह धरा. लेंड्या ताज्या असतील तर हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, उबेत ठेवल्या तर एक-दोन दिवसांत अंडी फुटून मोजणी वाया जाते. जंत पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका, फॉर्मलिनमध्ये टाकले की पुढे डीएनए काढणं अवघड होऊन बसतं. बरोबर तारीख, ठिकाण, प्राणी, नर की मादी, अंदाजे वय, कुठल्या अवयवातून काढले, अंगावर चरबी होती की हाडं दिसत होती आणि आसपास पाणवठा, कुंपण, चरणारी गुरं काय काय आहे हे लिहा. ती चिठ्ठी डबीच्या आत टाकायची आणि पेन्सिलने लिहायची, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग आमच्यासारख्याच्या टेबलावर नुसतीच जंतांची डबी येते, कुणाची कुठली काही पत्ता नाही.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक